चातुर्मासातलं पोटॅशियम

आमच्या घरात विज्ञान बायकोकडे आणि इतिहास माझ्याकडे, अशी वाटणी लग्नापासूनच आहे. मी अमरावतीच्या एका शाळेत इतिहास शिकवतो, म्हणजे जे मी पाहिलेलं नाही त्याबद्दल ठामपणे बोलतो. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणजे जे डोळ्यांसमोर घडतंय त्याबद्दलसुद्धा "पुन्हा एकदा करून बघू" म्हणते. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, घर मोकळं झालं, तेव्हा शेजारच्या बायकांनी भिशी लावली. हिनं पन्नाशीच्या तोंडावर पीएच.डी. लावून घेतली.

विषय होता काजळी. डिझेलच्या धुरातली काजळी सहजासहजी जळत नाही, तिला फार उष्णता लागते. तेवढी गाडीच्या धुराड्यात नसते, म्हणून ती बाहेर येते आणि राजकमल चौकात माझ्या पांढऱ्या शर्टावर बसते. बायकोचं म्हणणं असं, की सेरियम आणि मँगनीज यांचं एक काळपट चूर्ण धुराच्या वाटेत ठेवलं, तर ती काजळी बऱ्याच कमी उष्णतेवर जळावी. चूर्ण स्वतः खर्ची पडत नाही. सोयरीक जुळवणाऱ्या मामासारखं ते दोघांची गाठ घालून देतं आणि स्वतः कोरडंच राहतं.

हे चूर्ण भट्टीत भाजावं लागतं. कॉलेजातल्या भट्टीची कॉइल जळालेली, आणि दुरुस्तीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर हिंडत होता. पण अकोल्याला माझ्या साळ्याची, म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, दातांच्या कॅपा आणि कवळ्या बनवायची छोटी लॅब आहे. घराच्या पुढच्या खोलीतच. साच्यातलं मेण जाळायला त्याच्याकडे उत्तम भट्टी. "ताई, तू भट्टीची चिंता काहून करून राहिली? मी हावो ना!" तो म्हणाला, आणि आमची अकोल्याची खेप सुरू झाली.

अकोल्याला जायचं म्हणजे सुट्टीत, आणि सुट्टी म्हणजे सण. त्यामुळे प्रत्येक भाजणीला सणाचं नाव पडलं. पहिली पोळ्याची. मग भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांची. मग दिवाळीची. या तिन्ही भाजण्यांनी काजळीचं काही वाकडं केलं नाही. चूर्ण घातलं काय, न घातलं काय, काजळी आपल्या तोऱ्यात. मग आली संक्रांतीची, आणि तिनं कमाल केली. काजळी एवढ्या लवकर पेटली की बायकोला वाटलं यंत्र बिघडलं. आनंदात तिनं मला बोलावून आलेख दाखवला. मी "वा!" म्हणालो. तो आलेख मी उलटा धरला होता हे नंतर कळलं. त्यानंतरची आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, भाजणी धड इकडची ना तिकडची निघाली. कृती तीच, वजनं तीच, भट्टी तीच, भाजणारी तीच.

तिचा मार्गदर्शक तिच्याहून बराच लहान, पण बोलायला नीट. तो म्हणाला, "मॅडम, संक्रांत चांगली गेली हे दिसतंय. का गेली ते सांगा. नशीब प्रबंधात लिहिता येत नाही. पोळ्याच्या आधी समिती बसेल. तोवर कारण सापडलं नाही, तर विषय बदलू."

विषय बदलायचा म्हणजे सगळं पहिल्यापासून. त्या आठवड्यात तिनं पोह्यात दोनदा मीठ घातलं आणि मी दोन्ही वेळा "मस्त झालेत" म्हणालो. एवढ्यावरून घरातल्या वातावरणाची कल्पना यावी.

पृष्ठभागाची तपासणी तिनं आधी एकदा बाहेरून करून आणली होती. त्यात संक्रांत आणि दिवाळी जुळ्या बहिणींसारख्या दिसल्या. पण ती तपासणी पूर्ण निर्वातात झालेली, आणि काजळी काही निर्वातात जळत नाही. मग तिनं दूरच्या एका शहरातल्या यंत्रासाठी अर्ज केला. तिथे नमुना वायूत ठेवून, तापवत तापवत पृष्ठभाग बघता येतो. एकच दिवस मिळाला, आषाढातला. मी हमाल म्हणून बरोबर गेलो. ती एकटी गेली असती, पण उन्हाळ्याची सुट्टी संपताना मास्तरला कुठेतरी जाऊन आल्याचं समाधान लागतं.

यंत्र म्हणजे स्टीलचे डबे, नळ्या आणि गोल खिडक्या यांचं एकत्र कुटुंब. ते सांभाळणारा तरुण पुण्याकडचा होता. बायको नमुने लावत होती, तेवढ्यात मी त्याला गाठलं. न कळणाऱ्या गोष्टीत मी नेहमी रस दाखवतो, त्यामुळे माणूस खूश होतो.

तो म्हणाला, "काका, आपण पृष्ठभागावर क्ष-किरण सोडतो. त्यांच्या धक्क्यानं आतले इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. ते किती जोरात उडाले हे मोजलं, की कळतं ते कोणत्या मूलद्रव्यातून आले आणि तिथे कोणत्या अवस्थेत होते."

"म्हणजे वर्गाबाहेर काढलेल्या पोराच्या चालीवरून तो कोण्या मास्तरचा ते ओळखायचं," मी म्हणालो.

"साधारण तसंच. आणि फक्त अगदी वरच्या थरातले सुटतात. खालचे वाटेतच अडकतात."

"शेवटच्या बाकावरचे."

"हो... पण हवा असली तर सुटलेला इलेक्ट्रॉनसुद्धा तिच्या कणांवर आपटत वाटेतच संपतो. म्हणून बाकीच्या यंत्रांत हवा अजिबात नसते. इथे आम्ही थोडा वायू सोडतो. बाहेरच्या हवेच्या मानानं काहीच नाही, पण निर्वाताच्या मानानं भलतीच गर्दी. मग नळीचं बारीक तोंड नमुन्याच्या अगदी जवळ नेतो, म्हणजे इलेक्ट्रॉनला गर्दीतून फार चालावं लागत नाही. तोंडाच्या आत शिरला की पुढचा वायू पंप टप्प्याटप्प्यानं ओढून घेतात."

"म्हणजे वस्तू एकटी असताना कशी वागते ते नाही, चारचौघांत कशी वागते ते बघायचं!"

तो हसला आणि म्हणाला, "हे चांगलं आहे." एवढंच म्हणाला. त्याच्यावर मी पुढे कित्येक दिवस जगलो. शाळेत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, जो भेटेल त्याला हे वाक्य ऐकवलं. शेवटी बायको म्हणाली, आता तुम्हीच जरा चारचौघांत वेगळं वागा.

आधी दिवाळी लावली. ऑक्सिजन सोडला, तापवलं. सेरियम दिसलं, मँगनीज दिसलं, ऑक्सिजन दिसला आणि थोडा कार्बन, जो जगातल्या प्रत्येक पृष्ठभागावर बसलेलाच असतो. नवीन काही नाही. मग संक्रांत. थंड असताना, वायू नसताना, हुबेहूब दिवाळी. बायकोनं ओठ दाबून धरले. तरुणानं ऑक्सिजन सोडला आणि तापमान चढवायला सुरुवात केली. पडद्यावर रेघा एकावर एक उमटत होत्या. मी मघाच्या माझ्या वाक्यात गुंग होतो.

"हे काय?" तरुण म्हणाला.

रेघेवर कार्बनच्या टेकाडाच्या शेजारी दोन लहान टेकाडं उगवली होती. तापमान वाढेल तशी ती वर येत होती.

"मॅडम, पोटॅशियम किती घातलंत?"

"घातलं नाही."

"पण आहे."

"असेल. मी घातलं नाही."

"नाही, चालतं की. बरेच जण घालतात. फक्त अर्जात लिहायला हवं होतं."

"अहो पण मी काहून घालू?" बायकोचा अकोल्याचा सूर लागला. पुण्याच्या कानाला ते भांडण वाटलं असावं. तो खुर्ची घेऊन थोडा मागे सरकला.

मी भूगोलाचा तास कधीकधी घेतो, त्यामुळे केळ्यात पोटॅशियम असतं हे मला माहीत होतं. आणि प्रवासात मी केळी त्याच पिशवीत ठेवली होती ज्यात नमुने होते.  एका माणसाच्या डझनभर केळ्यांनी बायकोची पदवी गेली, असं चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी चाचरत सांगून टाकलं.

"डब्या बंद होत्या," बायको माझ्याकडे न बघता म्हणाली. "आणि पिशवीत दिवाळीही होती. तिला का नाही लागलं?"

आयुष्यात पहिल्यांदा मला दुर्लक्षित झाल्याचं सुख वाटलं.

मग आखाजी लावली. तीच दोन टेकाडं, पण अगदी बुटकी. पोळ्यात आणि महालक्ष्म्यांत काहीच नाही. संक्रांतीला भरपूर, आखाजीला थोडं, बाकीच्यांना शून्य. काजळी ज्या क्रमानं जळली होती अगदी त्याच क्रमानं. बायकोनं फोन काढला आणि अकोल्याला लावला. हातात नमुना होता म्हणून स्पीकरवर.

"तू भट्टी पुसून देतं ना मले?"

"हाव ताई. भट्टी पुसतो, ताटली पुसतो. काहून?"

ती चूर्ण भाजायची ते भट्टीतल्याच एका मोठ्या चिनीमातीच्या ताटलीत, पातळ पसरून.

"पोटॅशियम निघून राहिलं त्याच्यात."

"माझ्यापाशी कुठलं पोटॅशियम? माझ्यापाशी मेण हाये, साचे हायेत, लोकायचे दात हायेत."

"त्या ताटलीवर दुसरं काय ठेवतं तू?"

पलीकडे भट्टीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"दुसरं म्हंजे... खायाचं धरून काय?"

तरुणानं मान वर केली. फोनमागून साळ्याच्या बायकोचा, म्हणजे हिच्या भावजयीचा, आवाज आला, "सांगा ना सरळ, वांगे भाजतो म्हणून!"

आणि मग सगळं बाहेर आलं. भावजयीला गॅसच्या शेगडीवर वांगं भाजलेलं खपत नाही. साल जळून बर्नरमध्ये पडते, रस सांडतो, आणि घासायला पुन्हा तीच. घरात एवढी मोठी भट्टी असताना शेगडी कशाला खराब करायची? वांगी ताटलीत मांडून भट्टीत सरकवायची, की सगळीकडून सारखी भाजून निघतात. साळा म्हणाला, "ताई, असं भरीत तुले जगात भेटणार नाही!" अकोल्यातल्या किती दाढा या भरिताच्या शेजारी घडल्या असतील याचा मी विचार करू लागलो. माझी स्वतःची एक कॅप त्याच भट्टीतली आहे.

बायकोचा चेहरा मात्र वेगळ्याच कामात होता. "दिवाळीत बी भाजले होते का?"

"काय बोलता ताई!" भावजय आता फोनजवळ आली होती. "चातुर्मासात वांगं कोण भाजते? चंपाषष्ठीले खंडोबाले भरीत-रोडग्याचा निवद दाखवल्याबिगर आमच्याकडे वांगं घरात येत नाही. इसरल्या काय माहेर?"

"आन् संक्रांतीले?"

"तवा तं घरभर पाहुणे होते. रोज भरीत."

"आखाजीले?"

"उनाळ्यात वांगे बियाचे निघतात. केलं असन एखाद वेळ."

तरुणानं माझ्याकडे पाहिलं. "आमच्याकडेही खंडोबाच आहे," तो हळूच म्हणाला, आणि पडद्यावर पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी, संक्रांत आणि आखाजी यांच्या रेघा एकीखाली एक मांडल्या. पंचांगच होतं ते.

परतीच्या प्रवासात तिनं मला समजावलं. वांग्यात पोटॅशियम खूप. रस ताटलीवर जळतो, राख कोरड्या फडक्यानं पुसली तरी चिनीमातीच्या बारीक छिद्रांत राहते, आणि चूर्ण भाजताना त्यात शिरते. थंड निर्वातात ती आत दडून बसते. ऑक्सिजन मिळाला, ऊब मिळाली, की पोटॅशियम वर येतं, आणि काजळीची गाठ वरच्या थराशीच पडते. म्हणूनच आधीच्या तपासणीत ते दिसलं नव्हतं. मी म्हणालो, "मग झालं तर! कारण सापडलं!" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वर्षभर मी जे केलं ते काहीच चाललं नाही. चाललं ते वांगं."

मार्गदर्शकानं फोनवर ऐकून घेतलं, बराच वेळ खोकला, आणि खोकल्याआड हसून झाल्यावर म्हणाला, "मॅडम, पोटॅशियम मोजून घाला, ते चालतं हे कळेल. पण जुने नमुने का चालले हे सांगायचं तर तो अपघात मुद्दाम करून दाखवावा लागेल. स्वच्छ ताटली, वांग्याची ताटली आणि मोजलेलं पोटॅशियम, तिन्ही शेजारी शेजारी. समितीच्या आधी."

समिती पोळ्याच्या आधी. आम्ही अकोल्याला पोचलो तेव्हा आषाढी होऊन गेलेली. चातुर्मास लागला होता.

"नाही," भावजय म्हणाली. तिनं चहा दिला, चिवडा दिला, आणि नाही म्हणाली. "बाकी काई सांगा ताई. चातुर्मासात माह्या घरी वांगं नाही."

साळा म्हणाला, "अवो, खायाचं थोडीच हाये. सायन्स हाये थे."

"तुमी चूप राहा. सायन्सच्या नावानं तुमी नवरात्रात अंडं उकडलं होतं."

ही बातमी आम्हाला नवीन होती. साळा कवळ्यांचं सामान आवरायला लागला.

बायकोनं आग्रह केला नाही. ती म्हणाली, "राहू दे. अमरावतीले काही जमते का पाहू." पण जमणार नव्हतं. ताटली हीच हवी, भट्टी हीच हवी, पुसणारा हातही हाच हवा, नाहीतर अपघात तो अपघात राहत नाही. हे तिलाही माहीत होतं. ती चहाचा कप नुसताच धरून बसली. भावजय तिच्याकडे बघत होती.

"हे नाही केलं तं काय होते?"

"विषय बदला लागते. मंग मी नाही करत पुढं. या वयात पुन्हा पहिल्यापासून नाही होत मले."

भावजय उठली. देवघरात गेली, तिथे बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिली आणि पदराला हात पुसत बाहेर आली. "मी सांगतलं देवाले. घरात नाही आणाचं. मांगच्या दारानं नाही, पुढच्या दारानं थेट भट्टीत. आन् एक फोड कोणी तोंडात टाकाची नाही. जवाईबुवा तं पाळतातच."

हा शेवटचा भाग माझ्यासाठी होता. लग्नानंतरच्या पहिल्याच चातुर्मासात सासुरवाडीवर छाप पाडायला मी "मीही पाळतो" असं म्हणून बसलो होतो. तेव्हापासून अकोल्यात माझी फार पुण्याई आहे. अमरावतीत मी श्रावणात कांदाभजी खातो.

स्वच्छ ताटलीची आणि मोजलेल्या पोटॅशियमची भाजणी बायकोनं नव्या ताटल्यांत आधी उरकली; मग बाजारातून वांगी मीच आणली. एरवीचं प्रमाण साळ्याच्या हाताला माहीत, तेवढीच मांडली. थोड्याच वेळात पुढच्या खोलीतून तो वास सुटला. बाहेर रिमझिम, आत भाजलेलं वांगं, आणि मी पुण्यवान माणूस म्हणून दारात स्टुलावर. बायकोनं वांगी काढली, साळ्यानं ताटली आपल्या नेहमीच्या फडक्यानं नेहमीसारखी अर्धवट पुसली, आणि तिनं त्यावर चूर्ण पसरून भट्टी बंद केली.  वांगी एका परातीत वाफाळत माझ्या शेजारी पडली होती. गायीला घालायची ठरलं होतं.

सगळे आत गेले होते. मी फक्त भाजली गेली आहेत का एवढंच बघितलं.

"जवाईबुवा," मागून भावजय म्हणाली, "मिशीले साल लागली."

मी मिशी पुसली. 

"पुसू नका, दुसऱ्याही बाजूनं हाये. अमरावतीले तुमी काय खाता थे ताईनं मले कवाच सांगतलं. आता मीठ आणू काय?"

तिनं खरंच मीठ आणलं. स्वतः मात्र बोट लावलं नाही.

चाचणी अमरावतीला कॉलेजात झाली. मी डबा घेऊन गेलो होतो आणि दारातच उभा राहिलो, कारण आत गेलो की मी काहीतरी विचारतो. तिन्ही चूर्णं काजळीत मिसळून एकेक करून तापवायची होती. पहिली स्वच्छ ताटलीची. पडद्यावरची काजळीच्या वजनाची रेघ सरळ चालत राहिली, काजळी ढिम्म, पार शेवटी जळली. मग वांग्याची. बायको खुर्चीत पुढे सरकली. रेघ चालली, चालली, आणि पहिलीच्या खूप आधी एकदम खाली गेली.  तिसरी, मोजून घातलेल्या पोटॅशियमची, लावायच्या आधी तिनं उठून नळावर तोंड धुतलं. तिसरी तर त्याहूनही आधी जळली.

"पुन्हा एकदा करून बघू," ती म्हणाली. पुन्हा केलं. तेच आलं.

मग ती व्हरांड्यात आली, माझ्या हातातला डबा घेतला, न उघडताच खाली ठेवला, आणि अकोल्याला फोन लावला. "जळली व!" ती भावजयीला म्हणाली. "तुह्या वांग्यानं जळली. मोजून घातलेल्यानं बी जळली. कारण सापडलं!"

पलीकडून साळ्याची आरोळी ऐकू आली. भावजयीनं त्याला गप्प केलं.

"म्हंजे आता होते ना तुमचं? नक्की होते?"

"हाव. आता लिहाचंच राह्यलं."

"मंग आता तुमाले डॉक्टर म्हणा लागते काय, ताई?"

"छे व! तू काहून म्हणशील? ताईच म्हण."



"नाही," भावजय म्हणाली. "म्हणतोच मी. वांगं आणाच्या आंधीच देवाले तसं सांगून ठेवलं हाये."